असे उभे राहत असत

कणकवलीत एसटी डेपोसमोरच्या आमच्या दुकानात दोन संगणक होते आणि त्यांच्या मध्ये एक काळं घोंगडं टांगलेलं होतं. अलीकडच्या संगणकावर मी बसायचे. वाढदिवसाचे, लग्नाचे, दुकानाच्या उद्घाटनाचे बॅनर करायचे, आणि आंगणेवाडीची जत्रा जवळ आली की पंधरा दिवस नुसतं 'हार्दिक स्वागत'. घोंगड्यापलीकडे काका बसायचे. माझ्या पडद्यावरच्या लाल-पिवळ्याचा उजेड त्यांच्या पडद्यावर पडतो आणि तिथल्या माणसांना हळद लागल्यासारखी दिसते, अशी त्यांची तक्रार होती. मी कामाला लागले त्याच दिवशी त्यांनी माझी खुर्ची फिरवून घेतली. तेवढ्याने भागेना, तेव्हा दुसऱ्या दिवशी घरून घोंगडं आणलं आणि स्टुलावर चढून स्वतः खिळे ठोकले. मालक बघत राहिले. काका त्यांच्या वडिलांच्या वेळचे, त्यामुळे त्यांना काही सांगायची मालकांची हिंमत नव्हती.

काकांचं काम म्हणजे जोडचित्र. हा शब्द त्यांचाच. कोणाच्या आईचा फोटो फक्त रेशनकार्डावर असायचा, बापाचा कुठल्यातरी लग्नातल्या घोळक्यात, आणि आजोबांचा फोटोच नाही, जमिनीच्या कागदावर उठलेला अंगठा तेवढा. हे सगळं स्कॅन करून, कापून, संगणकावर एकत्र आणून काका त्याचं एक चित्र करत. मागे भिंत हवी असली तर त्याच घराच्या चिऱ्याच्या भिंतीचा फोटो काढून आणायला लावत. आजीच्या लुगड्याचा काठ स्कॅन करून त्याची पायाखालची जमीन करत. अंगठाच असला तर तो अंगठा माणसाएवढा मोठा करून माणसाच्या जागी उभा करत. त्याच्या शेजारी आजी, पुढे नातवंडं. पहिल्यांदा बघणाऱ्याला विचित्र वाटे, पण घरचे लोक त्या अंगठ्याला हार घालत.

सगळं काळं-पांढरं. रंगीत करून द्या म्हणणारं गिऱ्हाईक आलं की काका घोंगडं बाजूला करून माझ्याकडे बोट दाखवत. मी एकदा विचारलं की रंगांनी तुमचं एवढं काय वाईट केलंय. तर म्हणाले, "आवशीच्या लुगड्याचो रंग इचार. तीन भावंडां तीन रंग सांगतत. त्यातलो मी खंयचो खरो धरू?"

तरुणपणी ते फोंड्याचा घाट चढून कोल्हापूरला गेले आणि एका स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिलीने हात फिरवायला शिकले. लोकांच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण बुजवण्यात त्यांची दहा-बारा वर्षं गेली. पुढे फिल्मच संपली, तेव्हा खाली आले आणि चाळिशी उलटल्यावर संगणक शिकले. एसीचा त्यांना राग होता, पण संगणकाला लागतो म्हणून सोसत. बारा महिने तपकिरी स्वेटर घालून बसत. कोणाचाही जुना फोटो हातात घेण्याआधी मागच्या नळावर जाऊन हात धूत आणि पुसून ते कोरडे होईपर्यंत हवेत धरून उभे राहत. फोटोतल्या माणसांना ते अहो-जाहो करत. "ह्येंका वायच डावीकडे घेवया," असं पडद्याशी बोलणं घोंगड्यापलीकडून ऐकू यायचं. नवीन माणसाला वाटायचं, आत कोणीतरी बसलंय.

पण त्यांचं खरं वेड वेगळंच होतं. गिऱ्हाईक फोटो देऊन जायला लागलं की ते त्याला बसवून घेत आणि एक जाड वही उघडत. मग चौकशी सुरू. वडील उभे राहताना कुठल्या पायावर भार द्यायचे? आई त्यांच्या उजव्या बाजूला असायची की डाव्या? दोघांच्या मध्ये किती अंतर? हात कुठे असायचा? लोक गोंधळून जात. एकत्र उभं करा आणि द्या, एवढंच त्यांना हवं असायचं. काका ऐकत नसत. दोन माणसांनी वेगवेगळं सांगितलेलं जुळलं तरच ते कामाला हात घालत. त्याला ते साक्ष म्हणत. वहीत लिहीत, 'मुलगी सांगते, वडील हात पाठीमागे बांधत. शेजारी सांगतो, होय.' आणि चित्र तयार झालं, छापून आलं की त्याच्या मागे पेन्सिलीने एक ओळ लिहीत: 'जोडचित्र. असे उभे राहिले नव्हते. असे उभे राहत असत.' फ्रेम झाल्यावर ती ओळ कोणाला दिसणार नसे. तरी लिहीत.

एकदा एक बडे बागायतदार आले होते. त्यांना पणजोबा हवे होते, डोक्याला पगडी आणि कमरेला तलवार लावलेले. आमचे पूर्वज सरदार होते म्हणाले. काकांनी शांतपणे वही उघडली आणि तलवार कोणी बघितली होती ते विचारलं. कोणी बघितली नव्हती. मग पगडी? तीही नाही. काकांनी वही मिटली. ते गृहस्थ तावातावाने गेले आणि मालक तीन दिवस काकांशी बोलले नाहीत. काकांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण ते स्वतःच फारसं बोलत नसत.

मालवणहून आलेली एक म्हातारी मला आठवते. तिचा नवरा मासेमारीला जायचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मच्छीमार सोसायटीच्या ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो सोडला तर त्याचं काही नव्हतं. मुलाला आई-बाबा एका फ्रेममध्ये हवे होते. काकांनी तिला नेहमीचा प्रश्न विचारला, तुम्ही दोघं उभी कशी राहायचात. म्हातारी पदर तोंडाला लावून हसली.

"आमी उभी कधी रवलंव? तो फुडे आणि मी दहा पावलां मागे. बाजाराक जाताना तसां, जत्रेक जाताना तसां."

बरोबर आलेल्या शेजारणीनेही तेच सांगितलं. काकांनी तसंच केलं. समोरून चालत येणारा नवरा, काखेत छत्री. मागे दहा पावलांवर, लहानशी, डोक्यावर टोपली घेतलेली ती. चित्र बघून मुलगा नाराज झाला. आई एवढीशी दिसते म्हणाला. म्हातारीने ते त्याच्या हातातून घेतलं, डोळ्यांजवळ धरलं आणि बराच वेळ बघितलं. मग काकांना म्हणाली, "तेणां मागे वळान बघूक नाय मा? बरां केलास. तो कधी बघायचो नाय." आणि रडायला लागली. काका उठले आणि हात धुवायला मागे गेले. त्या दिवशी हात धुवायचं काही कारण नव्हतं.

त्यांच्या टेबलाच्या दोन बाजूंना, समोरासमोरच्या भिंतींवर, दोन छोटे फोटो होते. एक बाईचा, एक पुरुषाचा. त्यांचे आई-वडील. एका दुपारी वीज गेलेली, दोघंही हात बांधून बसलो होतो, तेव्हा मी विचारलं की यांचं जोडचित्र तुम्ही अजून का नाही केलं.

"सांगणारो कोण रवलो नाय," ते म्हणाले. "माका दोन वर्सां होती तेवा दोघांय गेली. जवळ उभी रवत का लांब, कोणाक इचारू?"

मी म्हटलं, अंदाजाने करा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उठून वीज येईपर्यंत दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले.

आता माझं सांगायला हवं.

आमचं घर मसुऱ्याला. वडील आंबा-काजूची बाग बघायचे. मला एक थोरला भाऊ, दादा. मुंबईत नोकरीला लागला आणि तिथे बरोबरच्या मुलीशी त्याने लग्न केलं. ती आमच्या जातीतली नव्हती. लग्नानंतर आठवड्याने तो एकटाच सांगायला आला, तेव्हा बाबांनी त्याला घरापुढच्या खळ्यातच थांबवलं. आवाज चढवला नाही. मला हाक मारून म्हणाले, त्याची घरात राहिलेली कपड्यांची बॅग बाहेर आणून दे. मी आणून दिली. दादाने ती माझ्या हातातून घेतली आणि गेला. पुढची नऊ वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत आणि बाबा तसेच गेले. दादाला मी कळवलं होतं, पण तो पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तो खळ्यात उभा राहिला, आईला भेटला, त्याच संध्याकाळी परत गेला.

आई त्यानंतर एकच गोष्ट मागू लागली. चौघांचा एक फोटो हवा. वर्षश्राद्धाला दादा बायको-मुलीला घेऊन येणार होता. तो येईल तेव्हा भिंतीवर चौघं एकत्र दिसायला हवीत. तू त्याच दुकानात काम करतेस ना, म्हणाली.

मी सगळे फोटो काकांना नेऊन दिले. त्यांनी हात धुतले, कोरडे केले, वही उघडली. आई कुठे, मी कुठे, सगळं विचारून झालं. मग बाबा आणि दादा.

"तुझो बापूस झिलाच्या खांद्यार हात ठेवायचो?"

"होय," मी म्हटलं.

"खंयच्या खांद्यार?"

"डाव्या."

त्यांनी लिहून घेतलं. आता ते दुसरा साक्षीदार विचारतील म्हणून मी वाट बघत होते, त्याचं काय सांगायचं ते मनात जुळवतही होते. पण काकांनी पेन खाली ठेवलं. "तू घरातली," म्हणाले. "तुझी एकटीची साक्ष पुरे." चार वर्षांत मी त्यांना दुसऱ्या साक्षीशिवाय काम करताना बघितलं नव्हतं.

बाबांनी दादाच्या खांद्यावर कधीच हात ठेवला नाही. लहानपणीही नाही. धाकात ठेवायचं म्हणून असेल, त्यांच्या स्वभावात नव्हतं म्हणून असेल. माझ्या खांद्यावर मात्र एकदा ठेवला होता, मी पदवी घेतली त्या दिवशी, कॉलेजच्या पायऱ्यांवर. तो फोटो होता, दादानेही बघितलेला. काकांनी हात त्यातूनच घेतला. मी खोटं का बोलले? आईला बरं वाटावं म्हणून, हे मी स्वतःला सांगितलं. पण ती बॅग माझ्याच हातांनी बाहेर गेली होती, आणि दादाला काहीतरी परत द्यावं असं मला फार वाटत होतं. दुसरं काही माझ्याकडे नव्हतं.

चित्र सुंदर झालं. मागे आमच्या घराची भिंत, पायाखाली आईच्या शालूचा काठ, एका बाजूला बाबांच्या हस्ताक्षरातली आंब्याच्या कलमांची यादी पुसट उमटलेली. आई पुन्हा पुन्हा त्या काचेवरून हात फिरवायची.

वर्षश्राद्धाला दादा आला. दहा वर्षांनी घरात पाऊल टाकलं, आणि आईने त्याचा हात धरून त्याला थेट भिंतीपुढे नेलं. "बघ, तू हयसरच होतंस," म्हणाली. पाहुणे होते, भटजी होते. दादा बघत राहिला. जेवणं झाली. मग मी मागच्या पडवीत भांडी काढत होते तिथे आला.

"तो हात तुझ्या खांद्यारचो," म्हणाला. "पदवीच्या फोटोतलो. बाबांच्या आंगठ्याचां फुटलेलां नख मी वळखूचंय नाय?"

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"तो तुका मिळालेलो. तू माका दिलंस म्हणान माझो होणा नाय."

तो चार दिवस राहणार होता. दुसऱ्याच दिवशी बायको-मुलीला घेऊन गाडी पकडायला निघाला. मीही दुकानात जायला त्यांच्याबरोबरच कणकवलीला आले. गाडीला वेळ होता. हे चित्र करणाऱ्या माणसाला मला बघायचं आहे, असं तो म्हणाला, आणि नाही म्हणायला मला कारण सापडेना.

काकांनी त्याला बसायला स्टूल दिलं. दादा अजिबात रागावून बोलला नाही. काम फार चांगलं आहे म्हणाला, आणि मग सांगितलं, "पण बाबान माझ्या खांद्यार कधी हात ठेवूक नाय."

काकांनी वही काढली. पान शोधून वाचलं, बोट त्या ओळीवर ठेवलं आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"गो, तू माका होय म्हणालंस."

मी म्हटलं, आईला बरं वाटावं म्हणून. त्यांनी वही मिटली. दादा जायला उठला तेव्हा, ते माझ्याशी की त्याच्याशी ते कळू न देता म्हणाले, "खरां सांगलां असतां तर दोघांका लांब उभी केलंय असतंय. लांब उभी रवतत ती माणसांय एकाच घरची आसतत."

पुढच्या रविवारी ते दोन एसट्या बदलून मसुऱ्याला आले. मी घरीच होते. चहा घेतला, आईची चौकशी केली, आणि फोटो खाली काढू का, असं तिला विचारलं. आई घाबरली, तिला वाटलं ते घेऊन जायला आलेत. पण त्यांनी फ्रेम मांडीवर पालथी घेतली, मागचे खिळे उपसले, स्वेटरच्या खिशातून खोडरबर काढलं आणि मागची ती ओळ पुसली. अगदी सावकाश, कागद दुखू नये असं. चुरा फुंकला, खिळे परत बसवले, फ्रेम भिंतीवर लावली, मागे सरून सरळ झाली का ते बघितलं. आईने विचारलं, काय केलंत.

"माझां कायतरी लिवलेलां होतां. तां पुसलंय."

"फोटो तसोच आसा मा?"

"तसोच आसा."

माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही असं नाही. जाताना 'येतंय गो' म्हणाले, रोज दुकानातून निघताना म्हणत तसंच. त्यानंतर त्यांनी एकही जोडचित्र केलं नाही. महिनाभर येऊन नुसते बसत, आलेल्या माणसांना परत पाठवत. मालकांनी फार ओढून धरलं नाही. हल्ली लोक मोबाइलवरच मिनिटभरात माणसं एकत्र करतात, रंगही भरतात. एक दिवस काकांनी भिंतींवरचे दोन फोटो उतरवले आणि फोंडाघाटाला पुतण्याकडे राहायला गेले. घोंगडं न्यायचं राहिलं. त्यांच्या जागी आलेल्या नव्या मुलीला ते का आहे ते कळेना, म्हणून मालकांनी काढून टाकलं.

चित्र आमच्या भिंतीवर अजून आहे. दादा चतुर्थीला येतो, सगळ्यांशी नीट बोलतो, माझ्याशीही, आणि जेवायला त्या भिंतीकडे पाठ करून बसतो. आई आता थकली आहे. आल्या-गेल्याला ती तो फोटो काढला त्या दिवसाची हकीकत सांगते. पाऊस पडून गेला होता म्हणून झिलाचे केस ओले दिसतात, तो लाजत होता म्हणून ह्यांनी त्याला हात धरून जवळ ओढलं, असं बरंच काही. दर वेळी थोडी भर पडते. दादाची मुलगी मांडी घालून ऐकते. मी आत निघून जाते.

काकांना भेटायला मी दीड वर्षाने गेले. कॉलेजच्या कचेरीत जागा निघाली होती, अर्जाला फोटो हवा होता. तो मला आमच्याच दुकानात काढता आला असता. पण निमित्त मिळालं म्हणून मी फोंड्याची गाडी पकडली. पुतण्याचं झेरॉक्सचं दुकान होतं आणि त्यात एका कोपऱ्यात काका पासपोर्ट फोटो काढत. काय बोलायचं ते मी गाडीत वाक्यावाक्याने ठरवलं होतं.

ते बरेच वाळले होते. मला बघून 'इलंस? बस' म्हणाले आणि आईची तब्येत विचारली. कशासाठी आले ते मी सांगितलं. त्यांनी मला पांढऱ्या पडद्यापुढच्या स्टुलावर बसवलं, माझी ओढणी सारखी केली आणि कॅमेऱ्यामागे गेले.

"काका, मी त्या दिवशी..." मी सुरुवात केली.

"आधी फोटो," ते म्हणाले. "बोलल्यार तोंड हालता. मीट तोंड. माझ्याकडे बघ."

मी तोंड मिटलं. फोटो निघाला. तेवढ्यात शाळेच्या ओळखपत्राचे फोटो काढायला दहा-बारा मुली आल्या आणि दुकान भरून गेलं. त्यांनी माझे फोटो छापले, कात्रीने कापले, आठ प्रती पाकिटात घालून माझ्या हातात दिल्या आणि पहिल्या मुलीला स्टुलावर बसवलं. मुलींचं अर्ध्या तासात झालं असतं. पुढची गाडी तासाभराने होती, मला माहीत होतं. पण समोर कणकवलीची गाडी लागली होती आणि मी तिच्यात जाऊन बसले. सुटल्यासारखं वाटलं, हेही खरंच आहे.

गणपतीच्या आधी काका गेले. पुतण्याचा निरोप मालकांकडे आला, मालकांनी मला सांगितलं.

त्या आठ फोटोंतले दोन अर्जाला लागले. सहा अजून त्या पाकिटात आहेत. सहाही फोटोंत माझं तोंड घट्ट मिटलेलं आहे आणि मी सरळ त्यांच्याकडे बघते आहे.